पुलापलीकडे बंद पडणारी गाडी

४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

प्रिय वगैरे लिहिण्याइतकी मी आत्ता शांत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तुझी गाडी आज पुन्हा बंद पडली.

पुलापलीकडे चढ संपतो, तिथे. आधी दोन-तीन आचके दिले, मग धाप लागल्यासारखी घरघरली आणि गप्प झाली. मी किक मारत राहिले. मागून येणारा प्रत्येक जण जाताना सल्ला देऊन जात होता. थांबला मात्र एकही नाही. एकाने तर चालत्या स्कूटरवरूनच सांगितलं, "वहिनी, चोक द्या." चोक मी केव्हाच दिला होता. आणि मी त्याची वहिनी कधीपासून झाले?

डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये सकाळपासून घरोघरी जाऊन काढलेलं रक्त होतं. हे तुला कितीदा सांगितलं, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मी तुझं सुरू होऊ देत नाही, म्हणून आता लिहून सांगते. ते रक्त वेळेत लॅबमध्ये पोचलं नाही तर फेकून द्यावं लागतं. मग त्याच माणसांना पुन्हा उपाशी राहायला सांगायचं आणि पुन्हा सुई टोचायची. आज मी डबा खांद्याला लावून रिक्षाने गेले, म्हणून वेळ निभावली. लॅबच्या मॅडमनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. माझं काम अजून कच्चं आहे, कायम करायचं की नाही हे त्या या महिन्याच्या अखेरीस ठरवणार आहेत, आणि त्यांच्या बघण्यावरून काय ठरेल ते मला आजच दिसलं.

तुझंही महिनाअखेरचंच टुमणं आहे. साइटवर क्वार्टर मिळतंय, कुटुंब येणार की नाही ते सांगावं लागेल, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, तू नोकरी सोड आणि बाबांना घेऊन ये. छान. म्हणजे एकीकडे मॅडम, दुसरीकडे तू, आणि मध्ये ही गाडी.

पत्र लिहायची कल्पना तुझ्या बाबांची. "फोनवर तुम्ही दोघं एकमेकांना खायला उठता. कागदावर लिहिलंत तर निदान शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही," असं म्हणाले. तुझ्या साइटच्या सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर येतो तेव्हा त्याच्या हाती देते. तू गाडीतलं सगळं जाणतोस अशी तुझी ख्याती आहे. तर सांग, बंद पडली की मी काय काय तपासू? एवढंच सांग. क्वार्टरचं नंतर.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

तुझं पत्र मिळालं. एक पूर्ण पान कार्बोरेटरवर आणि खाली चार ओळी क्वार्टरवर. पान कामाचं होतं. चार ओळी मी वाचल्या नाहीत असं समज.

तू सांगितलंस तसं काल सगळं केलं. स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, गाडी जिन्याखालून अंगणात काढली. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का ते बघ, असं लिहिलं होतंस. ते होतं, अर्ध्याच्या वर. मग कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडला आणि टाकीखालचा कॉक उघडला. धार अशी आली की आपल्या नळाला कधी येत नाही. म्हणजे कॉक तुंबलेला नाही. तरी मी तो खोलला, आतली जाळी धुतली. पाइपला चीर नाही, कुठे मुडपलेला नाही. मग कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू. त्यातला एक तू मागच्या वेळी इतका आवळून ठेवला होतास की माझ्या तळहाताची सालं निघाली. वाटीत तळाला थोडी माती होती, ती पुसली. जेटच्या बारीक भोकातून उजेड दिसला पाहिजे म्हणालास, तो दिसला. तरीही एका नव्या सिरिंजमध्ये पेट्रोल भरून जेटमधून पिचकारी मारली. एवढं माझं स्वतःचं डोकं.

आणि हे सगळं करताना बाबा शेजारी स्टूल टाकून बसले होते. त्यांची मदत म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. "तो स्क्रू नव्हे, त्याच्या बाजूचा." मग बाजूचा काढला की, "हां, म्हणजे पहिलाच बरोबर होता." कधी पाना माझ्या हातातून घेऊन बघायचे आणि दुसराच परत द्यायचे. माझ्या नाकी नऊ आले. पण त्यांना मजा येत होती. कितीतरी दिवसांनी ते दुपारी झोपले नाहीत.

सगळं जोडलं. एका किकमध्ये चालू झाली. अंगणात हवा तेवढा वेळ चालली. मी आनंदाने बाबांना मागे घेऊन चक्कर मारायला निघाले, आणि पुलापलीकडे चढ संपतो तिथे तिने तेच केलं. बाबा उतरले. "पेट्रोल सांडलं असेल खोलताना," म्हणत त्यांनी झाकण उघडून आत डोकावलं, झाकण लावलं, "आहे की भरपूर," म्हणाले, आणि मी चिडून मारलेल्या किकला गाडी चालू. घरापर्यंत व्यवस्थित आली. तेव्हापासून ते आल्यागेल्याला सांगतायत की गाडी माझं ऐकत नाही, त्यांचा हात लागला की चालते.

मला हसू येत नाही. उद्या कामावर जायचंय आणि बाबांना काही मी रोज मागे बसवून नेऊ शकत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

तुझ्या दुसऱ्या पत्रात लिहिलंयस की परक्या मेकॅनिकला गाडीला हात लावू देऊ नकोस. उशीर झाला. बुधवारीच मी ती ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. तोच तो, ज्याला आपण 'बघूया' म्हणतो. मी सांगितलं, चढ चढल्यावर बंद पडते. म्हणाला, "बघूया." प्लग काढला, पुसला, परत लावला. म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी असेल, जुनं सगळं काढा, ताजं भरा. मी विचारलं, मग नक्की चालेल? म्हणाला, "बघूया."

मी जुनं सगळं उपसलं आणि टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. आता ऐक. त्यामुळे गाडी आणखी लवकर बंद पडू लागली. पूर्वी पूल तरी ओलांडायची, आता पुलाच्या अलीकडेच मान टाकते. जास्त पेट्रोल घातलं तर गाडी कमी चालते, असं तू कधी ऐकलंयस? मी बघूयाला हे सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कुठून तरी पडून आले आहे.

काल कळस झाला. नदीकाठच्या चाळीत एक आजी आहेत. त्यांच्या हाताला शीर सापडत नाही. कितीही हलक्या हाताने करा, काळंनिळं होतंच. काल पहिल्याच टोचणीत सापडली. आजी म्हणाल्या, "तुझा हात चांगला गं." मी खुशीत निघाले, आणि गाडी अशा ठिकाणी मेली जिथे रिक्षाही नव्हती. तू म्हणशील थांबायचं थोडं, आपोआप चालू होते. होते. पण कधी, ते तिच्या मर्जीवर. मी लॅबमध्ये पोचले तेव्हा त्यांनी डबा उघडलासुद्धा नाही.

आज पुन्हा आजींकडे गेले. त्या पुन्हा सकाळपासून उपाशी. दुसऱ्या हाताला तीनदा टोचावं लागलं. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला तिथेच रडू आलं. त्या सुनेला म्हणाल्या, हिला पाणी दे.

मॅडमनी आज बोलावून स्वच्छ सांगितलं. तुझं काम चांगलं आहे, पण रक्त वाट बघत नाही. पुन्हा एकदा असं झालं तर हे काम एखाद्या स्कूटरवाल्या मुलीला देईन.

आता मला जे वाटतं ते लिहितेच. मला वाटतं, तुला हे सगळं बरंच वाटत असणार. गाडी नाही तर काम नाही, काम नाही तर बायको क्वार्टरमध्ये. तुझ्या प्रत्येक पत्रात कार्बोरेटर अगदी मन लावून समजावलेला असतो, पण "लवकर दुरुस्त होवो" असं एकदाही लिहिलेलं नाही. मी शोधलं. पानं उलटून पाहिली. नाही.

राग येऊ दे तुला. मला रोज येतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

तुझं पत्र. "मी मुद्दाम काही करत नाही. एवढा त्रास होत असेल तर गाडी विकून टाक आणि इकडे ये." वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्या झटक्यात मी एक उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. आता हे वाच, कारण गाडीला काय झालंय ते मला सापडलंय.

सकाळी एका घरी गेले होते, तिथे आजोबांना सलाईन लावलेली होती. मी नमुना घेत असताना त्यांची लेक ओरडली, "अहो, थेंब पडायचे थांबले." बाटलीत तर निम्म्याहून जास्त पाणी. त्यांना सांभाळायला नर्स येते, ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, म्हणाली, "हवेची सुई टोचायची राहिली की माझी." कडक बाटली असली की वरून हवा आत जायला एक रिकामी सुई टोचावी लागते. हवा आत गेली नाही तर पाणी खाली येत नाही. हे मला शिकवलेलं आहे. हे मी स्वतः शंभरदा केलेलं आहे. तिने सुई टोचली, बाटलीत बुडबुडे आले, थेंब सुरू.

मी आजोबांच्या दंडाची पट्टी सोडायची विसरून त्या बाटलीकडे बघत राहिले. आजोबाच म्हणाले, "बाई, हात सुजेल."

बाबांचा हात लागला की गाडी चालते. बाबा काय करतात? झाकण उघडून आत बघतात. तू सांगितलेली धार आम्ही कधी बघितली? झाकण उघडून झाल्यावर लगेच. टाकी गळ्यापर्यंत भरल्यावर मी झाकण उघडायचीच बंद झाले, कारण पेट्रोल आहे हे मला ठाऊक होतं. आणि भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी, म्हणून ती लवकर थांबायची.

निघाले ती मुद्दाम न थांबता पुलापर्यंत गेले. तिने मान टाकली. मी उतरले, किक मारली नाही. झाकणाला किल्ली लावली आणि उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. एवढी मोठ्याने की शेजारून चालणारा माणूस दचकला. झाकण लावलं, किक मारली, चालू.

मी तिथेच, भर रस्त्यात, झाकण पुन्हा काढून उलटं करून बघितलं. आतल्या पत्र्याला हवेसाठी एक भोक असतं ना? त्यात राखाडी लुकण बसवलेलं आहे. अगदी व्यवस्थित, बोटाने दाबून, कडा पुसून. ते लुकण मी ओळखते. न्हाणीघराच्या खिडकीला तू तेच लावलंयस, आणि त्याच नीटनेटकेपणाने.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी करत होता खरा काहीतरी. म्हणाला, गाडी जिन्याखाली उभीच राहणार, पेट्रोलचा वास घरभर होईल, टाकीत ओल जाईल. मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

नव्हतं सांगितलं.

तू हे मुद्दाम केलं नाहीस, हे मी मान्य करते. मागच्या पत्रातला तो आरोप परत घेते. पण त्याने मला बरं वाटलं नाही, हे तुला कळायला हवं. मुद्दाम केलं असतंस तर निदान मी ही गाडी चालवेन अशी शंका तरी तुझ्या मनात आली असती. तुझ्या मनात तेवढंही आलं नाही. तू टाकी बंद केलीस, गाडीवर कापड घातलंस आणि गेलास, कारण तू परत येईपर्यंत इथे कोणी कुठे जाणार नाही हे तू धरूनच चालला होतास. आणि मी कामावर जायला लागल्यावर, गाडी बंद पडते म्हणून तीन-तीन पत्रं लिहिल्यावरसुद्धा तुला ते आठवलं नाही. कार्बोरेटरचा बारीकातला बारीक स्क्रू आठवला.

लुकण मी नमुन्याच्याच एका नव्या सुईने कोरून काढलं. बराच वेळ लागला. चांगलं लावलं होतंस.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

तुझं पत्र ड्रायव्हरने काल दिलं. या वेळी कार्बोरेटर नाही, क्वार्टर नाही. "विसरलो. खरंच विसरलो. तू कामावर गाडी नेतेस हे मला माहीत होतं, पण डोळ्यांसमोर यायची ती जिन्याखाली कापड घातलेलीच." एवढंच. मी ते बऱ्याचदा वाचलं. तू काहीच लपवलं नाहीस, म्हणून राग थोडा उतरला. सगळा नाही. उगाच खोटं कशाला लिहू.

गाडी चालते आहे. पूल, चढ, चढापलीकडचा सगळा भाग. रोज त्या जागी आली की माझे हात आपोआप घट्ट होतात, पण ती सुरळीत पुढे जाते. बघूयाला सांगितलं की टाकीच्या झाकणात दोष होता. तो म्हणाला, "मी म्हणणारच होतो."

काल मॅडमनी बोलावलं. या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. मी कायम झाले. नदीकाठच्या आजी इतर कोणाकडून रक्त काढून घेणार नाही म्हणाल्या, असं त्यांच्या सुनेने लॅबला फोन करून कळवलं होतं. मी तीनदा टोचलं त्याच बाईने, बघ.

तेव्हा क्वार्टरची खोली ज्याला हवी त्याला जाऊ दे. मी येणार नाही. हे मी भांडून सांगत नाही, म्हणूनच फोन न करता लिहिते आहे. बाबांनाही विचारलं, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, तूही नाही आणि मीही नाही. चष्मा पुसत म्हणाले, "तिथे जाऊन मी कोणाच्या दारात बसू? इथे निदान मला शिव्या कोणाला द्यायच्या ते माहीत आहे." मग म्हणाले, त्याला लिही की मी नाही म्हटलं, सगळं तुझ्यावर नको यायला. तर तेही लिहिलं.

तुझी आठवण येते. हे मी रागात असतानाही खरं होतं, म्हणून तर एवढा राग होता. तुझं तिथलं काम संपेपर्यंत तू तिथे आणि मी इथे, हे मला आवडत नाही. पण मी तिथे रिकामी बसून तुझी वाट बघणं आणि इथे कामावरून येऊन तुझी वाट बघणं, यात मला इथलं जमेल. तुला काय जमेल, ते तू सांग.

पुढच्या महिन्यात रजा मिळेल म्हणालास. ये. बाबा म्हणतात, स्टँडवरून रिक्षा करेल. नको. मी घ्यायला येईन. सामान कमी आण, कारण गाडी मी चालवणार आहे, तू स्टँडवर उतरल्या उतरल्या हँडलकडे हात करायचा नाहीस.

मागे बसायला जमेल का तुला? विचार करून कळव. गप्प बसून, सूचना न देता, घरापर्यंत.